पितृपाठातलं गिऱ्हाईक

नाशिक, १४ सप्टेंबर २०२५

ती. आत्यास,
ललितचा शि. सा. नमस्कार.

फोन केला की तुझ्या दिरांच्या घरात सगळेच ऐकतात, म्हणून पत्र. मखमलाबाद रोडचा तुझा बंगला अजून विकला गेलेला नाही, पण काळजी करू नकोस. दर महिन्याला किती रो-हाऊस आणि बंगले गेले, ते आमच्या इस्टेट एजंटच्या ऑफिसात मीच मांडतो. पाडव्याला उसळी, अक्षय्य तृतीयेला दुसरी, आषाढात मंदी, पितृपाठात शून्य. घटस्थापनेनंतर मात्र शेठना जेवायला वेळ नसतो. तोवर तिकडे मालेगावात तुझ्या मैत्रिणीच्या, ठमामावशींच्या शेजारच्या दोन खोल्या मालकाला धरून ठेवायला सांग, बंगल्याचे पैसे आले की घेऊ.

काल एक जोडपं आलं होतं. त्यांना घटस्थापनेनंतर बोलावलं आहे. मामा गेल्यानंतरचं तुझं हे पहिलंच वर्ष, या दिवसांत त्यांचं घर दाखवणं मला बरं वाटेना.

आशीर्वाद असू दे.
तुझा ललित

मालेगाव, १८ सप्टेंबर

चि. ललितला अनेक आशीर्वाद.

बारावीला आपटलास, पण एक वेलांटी चुकत नाहीस. उद्या मुलगी पाहायला गेलास तरी आधी पंचांग काढशील.

खोल्यांचा मालक दसऱ्यापर्यंत थांबतो म्हणाला, पुढे नाही. जावेने काल माझं कपाट गॅलरीत काढलं. तात्पुरतं, म्हणाली. या घरात तात्पुरतं फार टिकतं. मला माझा उंबरा हवा आहे रे, आणि ठमाचा शेजार. एकटीने नाशिकला राहायची माझी छाती नाही.

जेवत जा. माया आहेच.
तुझी आत्या

नाशिक, ५ ऑक्टोबर

ती. आत्यास शि. सा. नमस्कार.

दसरा झाला. आमच्या ऑफिसातून सात बंगले गेले, तुझा नाही. गिऱ्हाइकाला निवड फार होती.

पुढचं लिहायला हात धजत नाही. ते जोडपं गायकवाडांचं. नवरा अंबडला कंपनीत, बायको नर्स. शरणपूरला राहतो म्हणाले होते, तिथली ख्रिस्ती वस्ती जुनी, पण मी पुढे काही विचारलं नाही. ते ख्रिस्ती आहेत, त्यांना पितृपाठ नाहीच. मी मात्र त्यांना सांगितलं की या दिवसांत मालकीणबाई घर दाखवत नाहीत. तुझं नाव घेतलं, कारण माझ्या शब्दाला वजन नाही.

त्यांनी त्याच आठवड्यात तुझ्या बंगल्यासमोरचा बंगला घेतला. तो दाखवणारा एजंट बहिरू काल भेटला. शरणपूरचे म्हटल्यावर मालकिणीला आपण नको झालो, असं त्यांना वाटलं म्हणे.

तुझा उंबरा मी घालवला. रागाव, पण लिही.
ललित

मालेगाव, ९ ऑक्टोबर

ललितला आशीर्वाद.

खोल्या परवा गेल्या. ठमा रडली, मी नाही. खोल्यांचं मी पाहून घेईन. पण माझ्या नावानं माणसं दारातून परत गेली, हे सोसवत नाही. मामा एकलहऱ्याला पॉवर स्टेशनात होते तेव्हा त्यांच्या शिफ्टचा सॅम्युअल दिवाळीत आमच्याकडे करंज्या तळायला बसायचा. माझ्याइतक्या फोडायचा नाही.

‘विकणे आहे’ची पाटी काढ. कपाटाबरोबर मीही गॅलरीत जाण्याआधी तिथं राहायला येते. दिवाळीच्या आत. त्याआधी समोर जाऊन खरं सांगून ये. मी आल्यावर नको, आधी. रोज त्यांच्या समोर मला दार उघडायचं आहे.

आत्या

नाशिक, १२ ऑक्टोबर

ती. आत्यास शि. सा. नमस्कार.

आज जाऊन आलो. फाटकाशी जाऊन दोनदा मागे फिरलो, मग बेल वाजवली. दोघं घरी होते. मालकीणबाईंना तुमचं येणं माहीतही नव्हतं, नकार माझा होता आणि पंचांग माझं होतं, असं उभ्यानेच सांगितलं. गायकवाड म्हणाले, “विचारायचं ना भाऊ.” एवढंच.

बाईंनी चहा केला. नको म्हणायची सोय नव्हती. तू कधी येतेस आणि, नर्सच त्या, तुझे गुडघे कसे आहेत, हे त्यांनी विचारून घेतलं. मला बसवलं ती खुर्ची खिडकीशी होती. तिथून तुझं घर थेट दिसतं. पाटी मी सकाळीच काढली होती, त्यामुळे नुसतं बंद दार उरलं होतं. राहायला आल्यापासून ते चहाला तिथेच, ती पाटी बघत बसत असतील.

येण्याचा दिवस कळव, दार मी आधीच उघडून ठेवतो.
ललित