हात न टेकता

२ सप्टेंबर, मंगळवार
आरोग्य केंद्राच्या मिझोगुचीबाई घरी आल्या होत्या. म्हाताऱ्यांसाठी व्यायामाचा वर्ग काढलाय म्हणे. नागासेसाहेब, तुमच्यासारखे माजी स्टेशनमास्तर आले तर लोकांना जरा शिस्त लागेल, असं म्हणाल्या. उशिरा का होईना, सरकारला माणूस ओळखता आला. बायको, फुमिए, स्वयंपाकघरात उगाच खोकली.

तिचं एकच टुमणं आहे: तेवीसला, पितरांच्या दिवशी, या वर्षी तरी टेकडीवर सासूबाईंच्या, म्हणजे माझ्या आईच्या, थडग्याशी दोघं जाऊ. गेली दोन वर्षं हवामानामुळे माझा गुडघा नाही म्हणतोय. या वर्षी जाणारच. फोटोसमोर आईला शब्द दिला.

९ सप्टेंबर
शिट्टी आणि पांढरे हातमोजे घेऊन गेलो. अकरा म्हाताऱ्या. खुर्च्या मात्र बारा मांडलेल्या. सरकारी हिशेब!

व्यायाम काय, तर हात छातीशी बांधून खुर्चीवरून उठायचं आणि परत बसायचं. याला म्हणे तज्ज्ञ लागतात. मी शिट्टी वाजवली की त्यांनी उठायचं. चौऱ्याऐंशीच्या किनुएआजींनी चोरून हात टेकला. ओरडलो, हात टेकायचे नाहीत, गाडी चुकेल!

साहेब, तुम्हीही एकदा करून दाखवा ना, असं बाई म्हणाल्या. विचारलं, स्टेशनमास्तर कधी गाडी ओढतो का? जाताना त्यांनी माझा गुडघा दाबून पाहिला. मार्गदर्शकाचीही काळजी घेतात. चांगली पद्धत आहे.

१० सप्टेंबर, पहाटे
आजपासून रोज देवळापर्यंत चालायचं. पाऊस.

११ सप्टेंबर
पाऊस नाही. पण रस्ता ओला.

१२ सप्टेंबर
रस्ता कोरडा. बूट ओले. कसे, ते फुमिएने विचारू नये.

१६ सप्टेंबर
किनुएआजी हात न टेकता उठल्या. शिट्टीचा परिणाम. वर मलाच विचारतात, मास्तर, तुमच्या गाडीला सिग्नल कधी मिळणार? सगळ्या फिदीफिदी हसल्या. वय झालं की माणसं वाह्यात होतात.

घरी कुणी नसताना मीही उठून पाहिलं. आमची खुर्ची फारच बुटकी आहे.

संध्याकाळी फुमिए फोनवर मिझोगुचीबाईंना सांगत होती, शिट्टी वाजवू दिलीत म्हणून तरी येतात हो. माझ्या नेमणुकीचं कौतुक चाललं असावं.

२२ सप्टेंबर
आईच्या आवडीचे ओहागी झाले. भाताचे गोळे, वरून गोड पुरण. उद्याच्या चढासाठी ताकद हवी म्हणून चार खाल्ले.

२३ सप्टेंबर
सगळ्यांचीच पितरं तिथे, म्हणून अख्खा वर्ग टेकडीवर निघाला. मी पायथ्याच्या बाकावर थांबलो. एवढ्या पिशव्या सांभाळायला जबाबदार माणूस हवाच. फुमिए पाण्याची बादली उचलून किनुएआजींच्या मागोमाग चढून गेली.

थोड्या वेळाने तिचा फोन. अहो, थडगं धुऊन झालं. आता फोन दगडाला लावते, का नाही आलात ते सासूबाईंना तुम्हीच सांगा. आणि खरंच लावला! वरचा वारा ऐकू येत होता. हवामानाचं सांगणार होतो. आई, एवढंच म्हणालो. फार लाज वाटली.

ठरवलं, आत्ताच्या आत्ता चढायचं. पण बाकावरूनच उठता येईना. कड धरून जोर लावला, तोच पायऱ्या उतरणाऱ्या अकराजणी एका सुरात ओरडल्या, मास्तर, हात टेकायचे नाहीत!

गाडी चुकेल, किनुएआजींनी पुस्ती जोडली.

रात्री
शिट्टी कपाटात ठेवली. मंगळवारी जाऊन बाराव्या खुर्चीवर बसायचं. मिझोगुचीबाईंचा हिशेब चुकला नव्हता.