बारच्या वरची खोली

गॉलवेजवळ, १४ मार्च २०२१

ताई, लांबूनच वाकून नमस्कार.

मी धडधाकट आहे, आईला तेवढंच सांग. मला मिळालेली स्वस्त खोली एका बारच्या वर आहे, हे सांगू नकोस. तसाही लॉकडाऊनमुळे बार बंदच आहे. आईने लस घेतली का?

काल मालक पॅट्रिक वर आला आणि म्हणाला, "माणूस कमी पडतोय, खाली ये." मला वाटलं, बिअरची पिंपं उचलायची असतील. खाली जाऊन बघतो तर मागच्या खोलीत शवपेटी! अगं, हा माणूस बारही चालवतो आणि गावातले अंत्यविधीही करतो. जुनी रीत आहे म्हणे. आणि मी महिनाभर त्या खोलीवर घोरत होतो!

पेटीत शेजारच्या नोरा आजी होत्या. त्यांचा मुलगा ऑस्ट्रेलियात अडकलाय. पॅट्रिकने त्याला व्हिडिओ कॉल लावून फोन माझ्या हातात दिला. दफनभूमीत आजींना पुरेपर्यंत मी तो धरून उभा होतो.

बाबांच्या वेळी तू माझ्यासाठी असाच फोन धरला होतास. मी इकडून तुझ्यावर खेकसलो होतो, "हलवू नकोस ना!"

ताई, हात थरथरायचा थांबतच नाही गं.

तुझा धाकटा,
परेश