मथुराचा रिपोर्ट मीच सांगणार

३ फेब्रुवारी, सोमवार
नवनगरच्या बिल्डिंग साइटवर लैंगिक आजारांची तपासणी. कामगार बायका अठ्ठावीस, सगळ्या जत-सोलापूरकडच्या. टार्गेट शंभर टक्के. को-ऑर्डिनेटर मी. बायकांशी बोलायची मला हातोटी आहे, असं सगळे म्हणतात. उत्तरा म्हणत नाही, पण ती बायको.
बॅनर करायला टाकला. आजारांची नावं मोठ्या अक्षरांत, कन्नड आणि मराठी. लपवाछपवी आपल्याला जमत नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार
बॅनर लावला. दुपारपर्यंत एकही बाई फिरकली नाही. ऊन फार होतं.
आमच्या नर्स रोहिणी अक्का म्हणाल्या, बॅनर उतरवा आणि तुम्हीही जरा चहा घेऊन या. घेतला. दोन तासांनी आलो तर पत्र्याच्या शेडमध्ये सव्वीस जणींचं रक्त घेऊन झालं होतं. वातावरणनिर्मिती माझी.

८ फेब्रुवारी, शनिवार
रिपोर्ट आले. पंचवीस निगेटिव्ह. एक पॉझिटिव्ह, सिफिलिस. मथुरा, वय बावीस, सातवा महिना.
अक्का चपला घालून निघाल्याच होत्या. इंजेक्शन लगेच सुरू व्हायला हवं म्हणाल्या. पुढंही काहीतरी सांगत होत्या. मी थांबवलं. अशी बातमी ट्रेनिंग घेतलेल्या माणसानं द्यावी. माझी दोन वर्कशॉप झालीत. सोमवारी मी स्वतः सांगणार. उद्या तयारी.

१० फेब्रुवारी, सोमवार
मुद्दे तयार. साडेचार पानं. भाषा हळुवार.
फॉर्मवरच्या नंबरला फोन केला. उचलला साइटच्या मुकादमानं, आनंदा त्याचं नाव. नंबर त्याचाच निघाला. मी गोपनीयता काटेकोर पाळली, आजाराचं नाव तोंडातून काढलं नाही. एवढंच म्हणालो की परवाच्या तपासणीचा रिपोर्ट आहे, मथुराला एकटीलाच ऑफिसात पाठव, अर्जंट. त्याला काही कळलं नसावं. लगेच फोन ठेवला.
संध्याकाळी सहापर्यंत वाट पाहिली. आली नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार, सकाळी ११
साइटवर गेलो. मथुरा नाही. आनंदा म्हणाला, असली बाई इथं नको, नवरा-बायकोला सकाळीच हाकललं. असली म्हणजे कसली, मी विचारलं. तुमच्याच बॅनरवर वाचलं की, म्हणाला.
त्याचा गैरसमज. माझा संबंध नाही. बायका घमेली उचलत होत्या. एकीनंही वर पाहिलं नाही.

त्याच दिवशी, ५ वाजता
बसस्टँड, रेल्वे स्टेशन, केलगेरीकडची नवी साइट. कुठंच नाही. अक्का मला न सांगताच घरी गेल्या. दमल्या असतील.

१२ फेब्रुवारी, बुधवार
कुणीतरी अळनावरची वीटभट्टी सांगितली. गेलो. तिथली मथुरा वेगळी, पन्नाशीची.
सातवा महिना, आणि चार दिवस गेले. दोन मी तयारीत घालवले, पण तयारीही लागतेच. जेवण गेलं नाही. पित्त असावं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
मथुरा सापडली. म्हणजे तिनंच अक्कांना फोन केला. रक्त घेताना अक्कांनी प्रत्येकीला आपला नंबर चिठ्ठीवर लिहून दिला होता. मला न विचारता. यावेळी मी मनावर घेतलं नाही.
विद्यानगरात तिची नणंद अनिता धुणीभांडी करते, तिच्याकडं होती. अक्का तिला थेट दवाखान्यात घेऊन गेल्या. पहिलं इंजेक्शन झालं. नवऱ्याचंही रक्त घेतलं.
उद्या मी भेटणार. मन मोकळं करायला तिला कुणीतरी हवंच.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
दवाखान्याच्या बाकावर मथुरा, शेजारी तिचा नवरा कृष्णा, पलीकडं अक्का. मी कागद काढले. पहिल्या ओळीलाच तिनं थांबवलं.
"सायेब, मुकादमाच्या आधी मला सांगायचं न्हाई व्हय?"
मी दुसरं पान उलटलं.
"ऱ्हाऊ द्या ते. एवढंच सांगा. पोर जगंल का?"
साडेचार पानांत ते नव्हतं. मला माहीतही नव्हतं. दोन वर्षं या कामात आहे, कधी कुणाला विचारलं नाही. शनिवारी अक्का तेच सांगत होत्या बहुतेक.
आज त्यांनी मथुराचा हात हातात घेऊन सांगितलं. वेळेत आलीस. अजून दोन इंजेक्शनं, आठवड्याला एक, चुकवायचं नाही. बाळ झालं की त्याचीही तपासणी करायची. बाळ चांगलं होईल अशी पुष्कळ आशा आहे. मथुरा तेव्हा रडली. कृष्णानं तोंड फिरवलं.
मग अक्का मला म्हणाल्या, पुढच्या वेळी तिच्याबरोबर मी एकटीच येईन. बरं म्हणालो.
बाकावर जागा होती. मी उभाच राहिलो.