‘झालं’ म्हणायच्या आधी

ता. ९, मंगळवार

चि. भिंगरीस,

आईचे आशीर्वाद. इथे सगळं बरं आहे. तिथे तुझं बरं नाही हे मला ठाऊक आहे, तेव्हा ते विचारत बसत नाही. अकरा वेळा फोन केला, तू उचलला नाहीस. हॉस्टेलच्या बाई म्हणाल्या, मुलगी जेवते, झोपते, पण कुणाशी बोलत नाही. म्हणजे तोंड चालू आणि कान बंद. पत्र कानाने वाचत नाहीत, म्हणून लिहितेय. अक्षराला हसू नकोस. चौथीपर्यंतच शिकलेली बाई मी, आणि आज ते जरा जास्तच वाकडं येतंय. पेन तसलंच आहे.

तुझा मेसेज मी चार वेळा वाचला. ‘तू आली नाहीस. मी हरले. माझं खेळणं झालं.’ तीन ओळी आणि तिन्ही ओळींत दोष दुसऱ्याचा. वर बॅट कुणाला तरी देऊन टाक म्हणून हुकूम. मी काय तुझी हमाल आहे? बॅट तुझी, तू दे. माझ्या दारात आणून ठेवू नकोस.

मी तुझी टेबल टेनिसची मॅच बघितली. आता तोंड उघडं पडलं असेल तुझं. तेव्हा नाही बघितली, नंतर बघितली. लाँड्रीतल्या चिमटीच्या फोनवर. चिमटी म्हणजे माझ्या चादरीचं दुसरं टोक धरणारी, चादर दोन बोटांनी उंदीर उचलल्यासारखी धरते ती. पाचव्या गेममध्ये तू दहा-सहा पुढे होतीस. एक पॉइंट हवा होता. एक. तिथे तू काय केलंस? मान वर केलीस, माझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलंस, आणि ओठ हलवलेस. आवाज आला नाही, पण तुझे ओठ मला तू दूध पीत होतीस तेव्हापासून वाचता येतात. तू म्हणालीस, ‘झालं.’

आणि मग सहा पॉइंट ओळीने घालवलेस. चेंडू टेबलावर, तू खुर्चीवर.

हा शब्द आपल्या घरात उष्ट्या ताटासारखा वागवलाय मी. अर्धी उजळणी करून ‘झालं’ म्हणायचीस, तेव्हा पाठीत धपाटा कुणी घातला? आमच्या लाँड्रीत नवी बाई आली की पहिल्या दिवशी मी तिला तेच सांगते. दवाखान्याच्या पाचशे चादरी, इस्त्रीचा गरम रूळ सारखा फिरतोय. ढिगाकडे बघायचं नाही, घड्याळाकडे बघायचं नाही. हातातली चादर बघायची. ती घडी होऊन फळीवर गेली की मग तिला ‘झालं’ म्हणायचं, आणि लगेच पुढची धरायची. एवढीच विद्या आहे माझी. तेवीस वर्षं तीच विकतेय.

तुमच्या सरांनी मन मजबूत करणारा कुणी माणूस आणला होता ना? डोळे मिटा आणि स्वतःला कप उचलताना बघा म्हणे. त्याला म्हणावं, आमच्या मशीनवर ये आणि मिट डोळे. कप अजून कपाटात असतो, चेंडू अंगावर येत असतो. त्यातलं बघायचं कुठलं, हे कळायला माणूस बोलवावा लागतो होय?

हात दमला. उद्या लिहिते.

बुधवार

काल मी पेनला दोष दिला. पेन चांगलं आहे. उजव्या हाताला पट्टी आहे, मी डाव्या हाताने लिहितेय. जरा भाजलं. लाँड्रीत भाजतंच. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मामावर चिडू नकोस. तुला काही कळवायचं नाही म्हणून मीच त्याला बजावलं होतं. तो म्हणाला, ‘ताई, पोरीला कळायला हवं.’ मी म्हटलं, पोरीला आधी हरायचं दुःख नीट करू दे, एका वेळी एकच ओझं. खरं सांगू का, तसं नव्हतं ते. मला लाज वाटत होती.

गुरुवार

ऐक आता. मधेच रडायला लागलीस तर कागद खाली ठेव, डोळे पूस, आणि मग वाच.

त्या दिवशी मी दहा वाजेपर्यंतच कामावर होते. अकराची बस, दोनला तुझी मॅच. नवं लुगडं पिशवीत घडी करून आणलं होतं, लाँड्रीतच नेसून निघणार होते. सकाळपासून मी तुला बघत होते. डोळे मिटून नाही, उघड्या डोळ्यांनी. तू कप उचलतेस, मी उभी राहते, शेजारची बाई विचारते, ‘तुमची मुलगी का?’ पाचशे चादरींत मी तेच बघितलं. त्या शहाण्या माणसाने मला न शिकवताच मी त्याची पहिली शिष्या झाले होते.

शेवटची चादर होती. घड्याळाकडे बघितलं, दहाला पाच कमी. मी चादर रुळात सारली आणि चिमटीला म्हटलं, ‘झालं बाई एकदाचं.’

झालं नव्हतं. कोपरा माझ्या बोटांना गुंडाळलेला होता. चिमटीने लाल बटण दाबलं म्हणून पंजा राहिला. करंगळी आणि शेजारचं बोट, दोन्ही मुळातून गेली. नवी आलेली बाई, जिला मी आठवड्यापूर्वी शिकवलं होतं, ती समोर उभी होती. माझंच वाक्य तिने मला ऐकवलं असतं तर बरं झालं असतं.

म्हणून खुर्ची रिकामी होती. मी आले नाही म्हणून तू हरलीस, हे मी मरेपर्यंत कबूल करणार नाही. मी खुर्चीत असते तरी तुला बघायचं होतं चेंडूकडेच. पण तुला लाखोली वाहायला बसले आणि कळलं की अर्ध्या शिव्या मलाच आहेत. तुझा शब्द आणि माझा शब्द एकच, दिवसही एकच. मायलेकी एकाच मापाच्या मूर्ख.

तुला सहा पॉइंटांत भागलं. ते परत खेळता येतात.

बोटं बघायला यायचं नाही. बघण्यासारखी उरलेली नाहीत. सर फोनवर म्हणाले, पुढच्या स्पर्धेची नावं पुढच्या शनिवारी संध्याकाळपर्यंत द्यायची आहेत, आणि तुझ्या नावाची जागा त्यांनी कोरी ठेवलीय. मी तुझ्या वतीने हो म्हणणार नाही. नाहीही म्हणणार नाही. मी त्याच आठवड्यात सोमवारपासून कामावर जातेय. रुळावर नाही, घडीच्या टेबलावर. डाव्या हाताची चिमटी होणार आता. ती हसून हसून लोळेल.

भीती वाटते का, असं मामाने विचारलं. वाटते ना. मशीनचा आवाज आठवला की मी पट्टीचा हात पदरात घेते. म्हणून काय सगळी मशीन एकदम आठवत बसू? पहिली चादर धरेन. दुसरीचं दुसरीला बघू.

बॅट तुझ्याकडेच राहू दे. आणि आईला फोन कर. सॉरी म्हणायला नाही. मला तुझा आवाज ऐकायचाय, बाकी काही नाही.

पत्राच्या शेवटी मी नेहमी लिहायचे, ‘चल, झालं पत्र.’ आज लिहीत नाही. अजून पाकीट चिकटवायचंय, तुझा लांबलचक पत्ता या खुळ्या हाताने काढायचाय, खाली जाऊन पेटीत टाकायचंय. तोवर हातातली चादर सोडत नाही.

तुझी,
आठ बोटांची आणि अख्खी,
आई