चष्म्यावरचा अंगठा

ती. आईस सादर नमस्कार.

माझी तब्येत बरी आहे आणि जेवण वेळेवर होतं, तेव्हा काळजी करू नकोस. तुझ्या गुडघ्यांना नव्या तेलाने उतार पडला का?

सुट्टीचा दिवस जावा म्हणून मी कॅमेऱ्याला भिंग लावून घरातल्याच वस्तूंचे अगदी जवळून फोटो काढतो. मिठाचा खडा काचेच्या घरासारखा दिसतो. तुझ्या सुनेने हातातलं काम टाकून पाहिलं असतं.

परवा तिचा चष्मा घेतला. भिंगातून धुळीचा कणही धोंड्याएवढा दिसतो, म्हणून आधी एक फोटो अंदाजासाठी काढायचा, मग वस्तू पुसून खरा काढायचा, ही माझी पद्धत. तसंच केलं. नंतर पहिला फोटो मोठा करून पाहिला, तर काचेच्या कडेला तिच्या अंगठ्याचा ठसा होता, इस्त्रीच्या चटक्याच्या व्रणासकट. मी उगाचच मागे वळून पाहिलं. आठ महिने तो ठसा माझ्या उशाशी होता आणि मी तो स्वतःच्या हाताने पुसला.

कपाटाच्या आरशाला बोटं लावते म्हणून तू तिला बोलायचीस, "आरसा आहे की फळा?" ती हसून म्हणायची, "राहू द्या हो आई, तेवढीच माझी सही."

तो आरसा अजून पुसला नसशील, तर मी येईपर्यंत पुसू नकोस. पुसला असशील, तर मला कळवू नकोस.

तुझा,
धाकटा