प्रांजलसाठी आलेले आयर्न

घाटकोपर पश्चिम,
४ फेब्रुवारी २०२५

किरण, आशीर्वाद.

पत्र बघून चक्रावशील. पण तुझा नंबर माझ्याकडे नाही. तुझ्या वहिनीकडे, रश्मीकडे आहे असा मला दाट संशय आहे, ती कबूल करत नाही. तुझा बेंगळुरूचा पत्ता तुझ्याच पार्सलवर सापडला. इकडे सगळे बरे. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आता तिला भिंतीवरची पाल दिसते आणि ती दिवसभर आम्हाला हाका मारते. मी अजून गोल्फ क्लबात कॅडीच, लोकांच्या बॅगा वाहणारा. गुडघे कुरकुरतात, पण बॅग उचलतो.

आता मुद्द्यावर येतो. माझ्या पोरीला गोल्फचे आयर्न, म्हणजे चांगले लोखंडी पात्यांचे क्लब पाठवायची तुला एकदम काय हुक्की आली? अकरा वर्षांत तुझा एक शब्द नाही. पंधरा तारखेला तिची अकादमीची निवड आहे, झाली तर राहणं, शिकणं सगळं फुकट. नेमकं त्याच्या तीन आठवडे आधी नवाकोरा संच? आणि तोही ब्लेड?

अरे, तू तिकडे लोकांची मापं घेऊन क्लब देतोस, तुला मी काय शिकवू! ब्लेडचं पातं पातळ. बॉल बरोब्बर मधोमध बसला तर झकास, जरा इकडेतिकडे झाला की वाट लागली, हात झिणझिणतात आणि बॉल झाडीत. प्रांजल आजवर कॅव्हिटी वापरते. ते मागून पोकळ, वजन कडेला, फटका चुकला तरी बॉल बऱ्यापैकी जातो. सतरा वर्षांच्या पोरीला निवडीच्या तोंडावर ब्लेड कोण देतं? जिला पाडायचंय तिलाच ना?

मी गप्प बसणारा नाही. सात नंबरच्या आयर्नवर सात कोरलंय, पण पात्याचा कोन सातचाच आहे का, म्हणून अख्खी पेटी अंधेरीच्या ओळखीच्या दुकानात नेऊन मापून आणली. बरोबर. दांडे मोजले. तेही बरोबर. मग तर माझा संशय वाढलाच. तिची उंची, तिच्या हाताचं माप तुला कुणी कळवलं? रश्मीकडे बघितलं तर ती एकदम पोळ्या लाटायला लागली. म्हणजे वहिनी आणि भावजींचं माझ्या पाठीमागे बोलणं चालू आहे तर!

आणि पेटीतली ती चिठ्ठी. "प्रांजल, कुणाचं ऐकू नकोस, आपल्या हाताला विचार." कुणाचं म्हणजे कुणाचं रे? सरळ माझं नाव लिहायचं होतंस.

तीन दिवस तिने ब्लेडने सराव केला. पहिल्या दिवशी विसातले सहा नीट बसले, तिसऱ्या दिवशी चौदा. आवाज असा यायचा की बाजूचे लोक वळून बघत होते. मी मात्र चुकलेले सहाच मोजले. घरी येऊन पेटी माळ्यावर टाकली आणि तिला सांगितलं, डुप्लिकेट माल आहे, चालणार नाही.

कार्टी एक आयर्न घेऊन स्वतः त्या दुकानात जाऊन आली. "पप्पा, माल अस्सल आहे. खोटं का बोललात?"

मी म्हटलं, तुझा काका तुला पाडायला बघतोय.

"पण काका असं का करेल?"

कारण मला ठाऊक होतं. तुलाही ठाऊक असावं.

आपण दोघं कॅडी होतो तेव्हाची, अकरा वर्षांपूर्वीची कॅडींची ती स्पर्धा. सोमवार, क्लब बंद. जिंकणाऱ्याला असिस्टंट कोच करणार होते. शेवटच्या होलला तू पुढे होतास, बॅग माझ्याकडे. समोर तळं. तू हात मागे केलास आणि म्हणालास, "दादा, दे." मी दिलेल्या आयर्नचा नंबर तू कधी बघायचा नाहीस. अंतर सातचं होतं, वारा तोंडावर. मी आठ दिला. आठचा बॉल सातपेक्षा आखूड पडतो, तळ्यापलीकडे जात नाही हे मला माहीत होतं. चुकून नाही दिला, किरण. तू कोच होणार आणि मी जन्मभर बॅगा उचलणार, हे मला सोसत नव्हतं. जळत होतो मी. बॉल पाण्यात गेला आणि मी सगळ्यांना सांगत सुटलो की वारा फिरला. तू आयर्न उलटा करून नंबर बघितलास, माझ्याकडे बघितलंस. आठवड्याने घर सोडलंस.

म्हणून मला वाटलं, तूही तेच केलंस. मीच तसा, म्हणून मला सगळे तसेच दिसतात. माफ कर म्हणायची लाज वाटते, तरी म्हणतो. माफ कर.

पेटी काल खाली काढली. आणि इथवर लिहिलेलं पत्र आज प्रांजलला वाचून दाखवलं. रश्मी दारात उभी होती. पोर रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "पंधराला मी ब्लेडच नेणार. आणि माझी बॅग तुम्ही उचलायची नाही."

आठ वर्षांची होती तेव्हापासून तिची बॅग मी उचलतोय रे. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. पण मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

सकाळी सातची वेळ आहे. तिने तुला विचारायला सांगितलंय. आलास तर बॅग तुझ्याकडे, नाहीतर ती एकटी उचलेल. मी फाटकाबाहेर थांबेन, आत येणार नाही. तिच्यासाठी ये.

दादा म्हणायचं की नाही ते आता तू ठरव,
नंदकिशोर