बांगडीतली आग

५ जानेवारी
आजपास्नं माझी रोजनिशी. हसू नका. मला अक्षर येत न्हाई, पण फोनात बोललं की फोन लिवतो. नातीनं, अल्फियानं, लावून दिलंय. औंध सोडून तिच्या कोयनानगरच्या क्वार्टरात राहाय आले. नळाला पाणी, खिडकीतनं डोंगर, शेजारीण मुकी. म्हंजी सुखच.

जन्मभर मी जत्रंत बांगड्या भरल्या. नातबी त्याच धंद्यात हाय म्हणायची! डोंगराच्या पोटात तिच्या लोकांनी खोलीएवढी पोकळ बांगडी उभी केलीया. आत सूर्यासारखी आग फिरवायची आणि चुंबकांनी अधांतरी धरायची. आग भिंतीला शिवली की विझली, खेळ खलास. जास्त वेळ धरता आली तर गावोगाव वीज. मी म्हणलं, हात न दुखवता बांगडी चढवायची तर कुठं दाबायचं ते कळाय लागतं. ती म्हणाली, दादी, तेच तर शोधतेय.

१९ जानेवारी
गावलं! अल्फियानं चुंबकांचा पीळ बदलला, आणि आग विझंना. ती बांगडीला खेटूनच उभी व्हती म्हणं. तिच्यासंगं काम करणारा शोएब पेढे घेऊन आला. तिनं घेतला न्हाई. मला दोन मिळाले, मी कशाला बोलू?

२२ जानेवारी
तिच्या केसांना तेल लावाय बसले. हात केसांच्या अलीकडंच थांबतोय. मधी मऊ कायतरी हाय. म्हणलं, म्हातारीला लाजतीस का काय? ती हसली न्हाई.

मग बांगडी भरली. दाबावं लागलंच न्हाई. सरळ गेली आणि मनगटाभोवती राहिली, कातडीला कुठंच न टेकता.

२६ जानेवारी
पाय फरशीला लागत न्हाईत. खोलीच्या मधोमध गोल फिरती. घास तोंडापर्यंत जात न्हाई. ओठ हलत्यात, आवाज पोचत न्हाई. अंगाची धग मातर लांबनं लागती.

२८ जानेवारी
शोएबला धरला. आधी थापा, मग रडला. चुंबकांची पकड आगीसंगं पोरीवरबी बसलीया. मशीन बंद केली तर पकड सुटंल, आणि ती जिथं टेकंल तिथं विझंल. चालू ठेवली तर पकड रोज ढिली होतीया. घट्ट कशी करायची ते एकट्या अल्फियाला ठावं. आणि तिचं बोलणं —

३० जानेवारी
भिंतीभर गोधड्या टांगल्या. शोएब म्हणतो, उपेग न्हाई. ठावं हाय रं मला. मग हातांनी करू काय?

३१ जानेवारी
फेरा वाढलाय. भिंत वीतभर — कोपऱ्याकडची गोधडी जळली.

१ फेब्रुवारी
मी भिंतीला पाठ लावून उभी हाय. भिंतीआधी तिला मी लागले तर —

तिनं बघितलं मला. हसली. दोन्ही हात पसरून येतीया. मलाबी तेच पायजे व्हतं, तिला पोटाशी — ये म्हणू का मागं जा? अल्फे, बाळ, थांब, थां—